गल्फ स्ट्रीम थांबत नाहीये, पण कुठलं पाणी कुठे येतंय ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट होती, 'गल्फ स्ट्रीम थांबणार, युरोप गोठणार'. खाली चार ओळी, २०५० पर्यंत लंडनमध्ये बर्फच बर्फ वगैरे. आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सातच्या आत तीन जणांनी तिचा फोटो टाकला, आणि एकाने खाली लिहिलं की चला, पोराला तिकडे पाठवायचं तर स्वेटर आत्तापासून विणायला घ्या. मी ३४ वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, शेवटची काही चीफ इंजिनियर म्हणून, आणि त्यातली बरीचशी टँकरवर उत्तर अटलांटिकच्या फेऱ्यांमध्ये, त्यामुळे गप्प बसवेना. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण कॉड माशाचं तेवढं कापू नका.

आधी चूक सांगतो. गल्फ स्ट्रीम हा अटलांटिकमधला, वाऱ्याने ढकललेला आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे अमेरिकेच्या काठाला दाबला गेलेला प्रवाह आहे. वारा वाहतोय, पृथ्वी फिरतेय, तोवर तो काही थांबत नाही. ज्याची शास्त्रज्ञांना काळजी आहे ती गोष्ट वेगळी, तिला ते एमॉक म्हणतात. म्हणजे गरम खारट पाणी वरच्या थरातून उत्तरेला जातं, ग्रीनलंड नॉर्वेच्या बाजूला हिवाळ्यात गार पडतं, आधीच खारट आणि त्यात गार म्हणजे जड, मग ते बुडतं आणि खोलातून परत दक्षिणेला सरकतं. आता ग्रीनलंडचा बर्फ गेली वीस वर्षं सरासरी वर्षाला २७० अब्ज टनांच्या आसपास कमी होतोय, ते सगळं गोडं पाणी या खारट पाण्यात मिसळतं, पाणी हलकं होतं, आणि हलकं पाणी बुडायला तयार नसतं. म्हणून हे चक्र मंदावेल अशी भीती आहे. २०२१ च्या आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, रिपोर्टमध्ये असं आहे की या शतकात ते मंदावण्याची शक्यता खूप दाट, पण २१०० च्या आत एकदम कोसळणार नाही असं मध्यम खात्रीने वाटतं. मग २०२३ मध्ये डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी गणित मांडलं की शतकाच्या मध्याच्या आसपासच कोसळू शकतं, आणि त्यावर बाकीच्यांनी भरपूर शंका काढल्या. तुमच्या चौकटीतला २०५० बहुतेक तिथून आलाय. शंका मात्र चौकटीत मावल्या नाहीत.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. युरोप गोठेल की नाही या भानगडीत तिथल्या किनाऱ्याच्या गार पाण्यात आत्ताच काय चाललंय ते कोणी छापत नाही, आणि ते समजायला सोपं आहे, कारण प्रश्न एकच असतो, आज आपल्या दारात कुठलं पाणी आलंय.

हे मला शिकवलं एका थर्मामीटरने. जहाजाच्या बुडाला जाळी लावलेला कप्पा असतो, सी चेस्ट म्हणतात, तिथून समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड करायचं. त्या पाइपवर थर्मामीटर असतो आणि दर वॉचला म्हणजे चार तासांनी तो आकडा लॉगबुकात लिहायचा. ज्युनियरचं काम. मी मुंबईचा, माझ्या डोक्यात समुद्र म्हणजे २८-२९, यात रोज लिहिण्यासारखं काय असतं असं वाटायचं. पहिल्याच वर्षी कॅरिबियनकडून वर कॅनडाला चाललो होतो, एका वॉचला मी २० लिहिला आणि पुढच्या वॉचला बघतो तर ७. मला वाटलं थर्मामीटर गेला. बोटाने टकटक केली, पुसला, परत बघितलं, ७ च. तिकडे लुब ऑइल म्हणजे इंजिनचं वंगण गार पडायला लागलेलं, तीन साब म्हणजे थर्ड इंजिनियर धावत येऊन बाहेर जाणारं गरम पाणी परत सक्शनला फिरवायचा व्हॉल्व्ह उघडायला लागले आणि मला म्हणाले, थर्मामीटर ठीक आहे, डेकवर जाऊन बघ. वर गेलो तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं, धुकं एवढं की सुकाणी ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, खिडकीतून स्वतःच्याच जहाजाचं नाक शोधत होता. गल्फ स्ट्रीमवरची ओली गरम हवा उत्तरेकडून येणाऱ्या लॅब्राडोर प्रवाहाच्या गार पाण्यावर आली की हे होतंच. कॅनडाच्या न्यू फाउंडलंड बेटाजवळ ग्रँड बँक्स नावाचा उथळ समुद्र आहे, तिथे दोन्ही पाणी एकमेकांना भिडतात आणि मध्ये अक्षरशः भिंत असल्यासारखं असतं, नकाशावर कोल्ड वॉल असंच म्हणतात. १९२२ मध्ये अमेरिकन कोस्ट गार्डच्या टँपा नावाच्या जहाजाने आपलं ७३ मीटरचं अंग या भिंतीवर आडवं घातलं होतं, तर नाकाकडे पाणी १ डिग्री आणि शेपटाकडे १३. एकाच जहाजावर, एकाच वेळी.

लॅब्राडोरचा प्रवाह ग्रीनलंड-बॅफिनच्या बाजूने खाली येतो, सोबत हिमनग आणतो, १९१२ मध्ये टायटॅनिकला आडवा आला तो यानेच आणलेला, आणि त्यानंतर इंटरनॅशनल आइस पेट्रोल सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे. आता नकाशा काढा. न्यू फाउंडलंडचं सेंट जॉन्स हे पॅरिसच्याही दक्षिणेला आहे, तरी तिथे वसंतात किनाऱ्यावरून हिमनग दिसतात, लोक बघायला जातात. आणि नॉर्वेचं हॅमरफेस्ट ७० अक्षांशाच्या वर, पार आर्क्टिकमध्ये, तिथलं बंदर हिवाळाभर उघडं. फरक दारात आलेल्या पाण्याचा. (सगळं श्रेय प्रवाहालाच देऊ नका हां, युरोपला वारा समुद्रावरून येतो आणि समुद्राने उन्हाळ्यात साठवलेली उष्णता तो हिवाळ्यात वाटतो, हेही त्यात आहे. तुमच्या चौकटीत तेही नव्हतं.)

आता कॉड. १९९३ मध्ये एका पंपाच्या पार्टसाठी आम्ही सेंट जॉन्सला दोन दिवस थांबलो. एजंटने टॅक्सी दिली होती, ड्रायव्हर पन्नाशीचा, बोलायला लागला तर कळलं हा वर्षापूर्वीपर्यंत स्वतःच्या बोटीवर इंजिन बघायचा. २ जुलै १९९२ ला कॅनडा सरकारने उत्तरेच्या कॉडची मासेमारी बंद केली, म्हणाले दोन वर्षांसाठी. तीसेक हजार लोकांचं काम एका झटक्यात गेलं. ज्या समुद्राबद्दल १४९७ मध्ये जॉन कॅबोट आला तेव्हा टोपली बुडवून मासे काढतात असं सांगायचे, तोच हा. धक्क्यावर बोटी रांगेने बांधलेल्या होत्या, रंग ताजा, दोर नीट गुंडाळलेले, आणि कुठे वास नाही. ज्याने ससून डॉकवर सकाळ काढलीये त्याला कळेल की धक्क्याला वास नसणं किती वाईट दिसतं.

त्या ड्रायव्हरला मी विचारलं, झालं काय. तो म्हणाला सरकार म्हणतं पाणी गार पडलं, आम्ही म्हणतो ट्रॉलरने खरवडलं. दोन्ही खरं होतं. १९६८ मध्ये परदेशी मोठमोठ्या ट्रॉलरसकट तिथून एका वर्षात आठ लाख टनांच्या वर कॉड काढला होता, १९७७ ला किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंत कॅनडाची हद्द आली, परदेशी गेले तर कॅनडाचे स्वतःचे ट्रॉलर आले. आणि मग नव्वदच्या सुरुवातीला लॅब्राडोरचं पाणी नेहमीपेक्षाही गार आलं, कॅपलिन नावाचा छोटा मासा, आपल्या मांदेलीपेक्षा थोडा मोठा, कॉडचं मुख्य खाणं, तो १९९१ च्या आसपास कोसळला. माझं मत विचाराल तर आधी ट्रॉलर आणि मग गार पाणी, आणि सरकारला गार पाणी फार सोयीचं पडलं. ती दोन वर्षांची बंदी ३२ वर्षं चालली. २०२४ मध्ये उठवली तेव्हा १८ हजार टनांचा कोटा दिला. आठ लाखांच्या जागी अठरा हजार. कॅपलिन अजूनही पूर्वीसारखा आलेला नाही, कारण त्याचं गणित बर्फ कधी मागे सरतो आणि त्यानंतर समुद्रात हिरवळ, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती, कधी धरते त्यावर असतं.

तिथे गार पाण्याने त्रास, आणि जरा खाली अमेरिकेच्या मेन राज्यासमोरच्या आखातात बरोबर उलटं. या आखाताच्या तळाला पाणी येतं एका खोल खिंडीतून, नॉर्थईस्ट चॅनेल म्हणतात, आणि त्या खिंडीत दोन गिऱ्हाईकं उभी असतात, एक लॅब्राडोरकडचं गार कमी खारट पाणी आणि एक गल्फ स्ट्रीमकडचं गरम खारट. २०१० च्या आसपासपासून गरमवाल्याचा नंबर जास्त लागायला लागला. २०१२ मध्ये तर पाणी एवढं तापलं की लॉबस्टर नेहमीपेक्षा कित्येक आठवडे आधी कात टाकून किनाऱ्याला आले, सगळ्यांच्या जाळ्यात एकदमच, फॅक्टऱ्या तयार नव्हत्या, भाव पडला. मग मेनचा स्वस्त लॉबस्टर कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमधल्या कारखान्यांत जायला लागला तर तिथल्या मच्छीमारांनी ट्रक अडवले. आता बघा, समुद्र दोन तीन डिग्री गरम आणि भांडण रस्त्यावर ट्रकपुढे. त्याच आखातातली थंड पाण्याची कोळंबी तर एवढी कमी झाली की २०१४ पासून तिची मासेमारी बंद केली. आणि आता गंमत, २०२३ च्या शेवटापासून त्या आखाताच्या तळाला परत लॅब्राडोरकडचं गार पाणी दिसायला लागलंय. म्हणजे पृथ्वी गार व्हायला लागली का, तर अजिबात नाही, खिंडीतलं गिऱ्हाईक बदललं. उद्या कोणी हा एक आकडा दाखवून ग्लोबल वॉर्मिंग झूठ आहे असं फॉरवर्ड करेल, तेव्हा हे लक्षात असू द्या.

यात एक गोष्ट थेट आमच्या धंद्याला लागली. त्या आखातात कॅलॅनस नावाचा एक बारीक जीव असतो, तांदळाच्या कणीएवढा, अंगात भरपूर चरबी. त्यावर राइट व्हेल नावाचे देवमासे जगतात, संपूर्ण उत्तर अटलांटिकमध्ये आता चारशेच्याही खाली उरलेत. पाणी गरम झालं तसा कॅलॅनस कमी झाला, व्हेल खाणं शोधत वर कॅनडाच्या सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले, आणि तिथे त्यांची वाट बघायची कोणाला सवय नव्हती. ना जहाजांना ना जाळीवाल्यांना. २०१७ मध्ये कॅनडाच्या पाण्यात १२ मेले, काही जहाजांच्या धडकेने, काही दोरांत अडकून. मग नियम आला की तिकडे मोठ्या जहाजांनी १० नॉटच्या, म्हणजे ताशी १० सागरी मैलांच्या, वर जायचं नाही. तेव्हा मी रिटायर झालो होतो, पण माझ्या हाताखाली शिकलेला एक जण अजून त्या रूटवर जायचा, त्याचा मेसेज आला की साहेब १० नॉटवर इंजिन ठेवून ठेवून कार्बन बसतोय, हे काय नवीन. मी त्याला लिहिलं की कणीएवढ्या किड्याने तुझं इंजिन स्लो केलंय. त्याने हसायचा इमोजी पाठवला, त्याला वाटलं म्हाताऱ्याचा विनोद.

अलास्काकडचं थोडक्यात सांगतो, तिकडे मी फार गेलो नाही. बेरिंग समुद्रात हिवाळ्याचा बर्फ वितळला की तळाला २ डिग्रीच्या खालचं पाणी उन्हाळाभर साठून राहतं, स्नो क्रॅब म्हणजे तिकडच्या चिंबोऱ्या त्यातच वाढतात. २०१८, २०१९ ला बर्फ जवळजवळ झालाच नाही, गरम पाण्यात चिंबोऱ्यांची भूक वाढली, खायला तेवढं नव्हतं, आणि दहा अब्जांहून जास्त गायब झाल्या. २०२२ मध्ये पहिल्यांदाच तिथला सीझन रद्द केला. आणि आइसलंडला उलटं, २००७ च्या आसपासपासून तिथे त्यांचा बांगडा इतका आला की कोटा कोणाचा यावरून आइसलंड, फेरो बेटं, नॉर्वे आणि युरोपवाले वर्षानुवर्षं भांडत आलेत. मासा कोणाचा हे मासा ठरवत नाही, पाणी ठरवतं, हे आमच्या इथल्या दिवाळे गावातल्या कुठल्याही कोळ्याला सांगायची गरज नाही.

दिवाळे गावावरून आठवलं. आमच्याकडे एका मॉलमधल्या चकचकीत दुकानात रावसाला 'इंडियन सॅमन' असं लेबल लावून विकतात, सौ. त्यावरून दुकानदाराशी भांडून आली. रावस रावस आहे, छान मासा आहे, त्याला उगाच थंड देशाचं नाव कशाला. सॅमन हा त्या गार पाण्याचा, नदीत जन्मून समुद्रात जाऊन परत येणारा, त्याचा आणि रावसाचा काही संबंध नाही. मी दिवाळ्याच्या बाजारात मावशीला हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, सॅमन-बिमन काय नाय, रावस हाय, घ्यायचा तं घ्या. एवढ्या कमी शब्दात मला कधी जमणार नाही.

कोणी म्हणेल हे सगळं तिकडचं, नवी मुंबईत बसून काय करायचंय. तर आपला अरबी समुद्र काही शांत डबकं नाहीये. सोमालियाच्या किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात उलटा फिरतो, असं दुसरीकडे फार कमी ठिकाणी होतं. जुलैत मुंबईहून ओमानला जायचो तेव्हा निघताना माझ्या थर्मामीटरवर २९ आणि सलालाच्या बाहेर २३, कारण मान्सूनचा वारा वरचं पाणी बाजूला ढकलतो आणि खोलातलं गार पाणी वर येतं, मासळी पण त्यावरच पोसते. आणि उत्तर अटलांटिकशी नातं पण आहे. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ काढून बघितलाय, त्यात दिसतं की शेवटच्या हिमयुगात जेव्हा जेव्हा उत्तर अटलांटिक एकदम गार पडला तेव्हा तेव्हा आपला मान्सून कमजोर झाला. म्हणजे एमॉकची बातमी द्यायचीच असेल तर लंडनच्या बर्फाआधी इथल्या पावसाचं लिहा ना.

अजून एक, मापायचं कसं हे पण कधीतरी छापा, लोकांना वाटतं सगळं कॉम्प्युटरमध्ये बसून ठरवतात. फ्लोरिडा आणि बहामाच्या मध्ये समुद्राच्या तळाशी एक जुनी टेलिफोन केबल आहे, तिच्यावर १९८२ पासून कित्येक वर्षं गल्फ स्ट्रीमचा फ्लो मोजत आले. खारट पाणी वीज वाहून नेतं, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ते वाहिलं की केबलमध्ये बारीकसं व्होल्टेज येतं, पाणी जोरात तर व्होल्टेज जास्त. अख्ख्या एमॉकला मोजायला २००४ पासून बहामा ते आफ्रिकेच्या काठापर्यंत दोऱ्या आणि यंत्रं टाकलीयत, सरासरी सेकंदाला १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी, जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या दहावा भाग होत नाही. मोजणी जेमतेम वीस वर्षांची, त्यामुळे कोणी छाती ठोकून तारीख सांगत असेल तर मी जरा सांभाळून ऐकतो. त्याआधीचे समुद्राच्या तापमानाचे आकडे कुठून आले, तर आमच्यासारख्यांच्या लॉगबुकांतून. आधी खलाशी बादली टाकून पाणी काढायचे आणि त्यात थर्मामीटर बुडवायचे, कॅनव्हासच्या बादलीतलं पाणी वर येईपर्यंत वाऱ्याने गार व्हायचं. नंतर इंजिनरूमचे आकडे आले, ते जरा गरम यायचे, कारण इंजिनरूमच गरम. हा फरक काढून टाकायला शास्त्रज्ञांनी किती डोकं खाजवलंय. मी तो आकडा कंटाळत लिहायचो, कधी कधी चार तास आधीचाच परत उतरवायचो, हे आज कबूल करतो, माफ करा.

आता मागणी. तुम्ही रोज भरती-ओहोटीच्या वेळा छापता, लोक कापून ठेवतात, आमच्या दिवाळ्याच्या मावशींच्या गल्ल्याच्या डब्यावर चिकटवलेल्या असतात. त्याच्याखाली एक ओळ वाढवा, मुंबईसमोर आज समुद्राचं तापमान किती आणि या तारखेला नेहमी किती असतं. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा बघून मच्छीमारांना मासे कुठे मिळतील त्याचे पट्टे कळवतेच, म्हणजे आकडा आहे, फक्त तुमच्या पानावर नाही. दोन पावसाळे ती ओळ छापा, मग 'गोठणार' आणि 'बुडणार' असल्या चौकटी वाचताना लोक आपोआप खालची ओळ बघतील.

माझ्याकडे माझ्या पहिल्या सहा वर्षांची एक वही आहे, लॉगमधले आकडे मी वेगळे उतरवून ठेवायचो, बंदर, तारीख, पाण्याची डिग्री. तीही हवी असेल तर ऑफिसला आणून देतो. फक्त परत करा, मागच्या पानांवर सौ.च्या आईची भरलेल्या पापलेटची कृती आहे आणि ती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाही.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनियर
नेरूळ, नवी मुंबई
(नाव छापू नये, सोसायटीचे लोक पार्किंग सोडून आता यावर चर्चा करतील)